सातवी बादली

जपानमधल्या तोकाईमुरा इथं ३० सप्टेंबर १९९९ रोजी अणुअपघात झाला, पण त्यात स्फोट झाला नाही की आग लागली नाही. ज्या टाकीत तो घडला, ती टाकीही जागच्या जागी शाबूत राहिली. मोडतोड झाली ती माणसांच्या पेशींच्या आत. या घटनेची हकीकत एरवी अंगावर काटा आणण्यासाठी सांगितली जाते. भडक मथळे देतात, खरीखोटी छायाचित्रं फिरवतात, आणि वाचून हाती काही लागत नाही. मला त्यातला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अपघातानंतर इस्पितळात जो माणूस परिचारिकांशी बोलत होता, ज्याच्या अंगावर डोळ्यांना दिसेल अशी मोठी जखम नव्हती, तो ८३व्या दिवशी का गेला? आणि जाणारच होता, तर इतके दिवस का लागले? याचं उत्तर डीएनएच्या रसायनात आहे, आणि ते समजायचं तर सगळं घड्याळ लावूनच पाहावं लागतं.

काही वर्षं आधी

तोकाईमुरा हे इबाराकी प्रांतातलं गाव, टोकियोच्या ईशान्येला सुमारे १२० किलोमीटरवर. तिथं जेसीओ ही सुमितोमो मेटल मायनिंगची उपकंपनी अणुइंधनासाठी युरेनियमवर प्रक्रिया करायची. नेहमीचा माल म्हणजे वीजकेंद्रांना लागणारं कमी समृद्ध युरेनियम. अधूनमधून मात्र 'जोयो' या प्रायोगिक वेगवान अणुभट्टीची मागणी यायची आणि त्या मालात युरेनियम-२३५चं प्रमाण १८.८ टक्के असायचं. म्हणजे काम तेच, पण धोका कितीतरी पट.

सरकारनं मंजूर केलेली पद्धत अशी होती: युरेनियम ऑक्साइडची भुकटी नायट्रिक आम्लात विरघळवायची, ते द्रावण एका उंच, अरुंद नळकांड्यात साठवायचं आणि तिथून मोजून पुढच्या टाकीत सोडायचं. या टाकीत अमोनियानं युरेनियमचा साका खाली बसवतात. टाकीत एका वेळी २.४ किलोच युरेनियम असावं, असा दंडक होता. नळकांडं अरुंद ठेवण्यामागंही कारण होतं. युरेनियमचा अणू फुटला की त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन उडतात. भांडं अरुंद असलं, तर त्यातले बरेचसे भिंतीतून बाहेर निसटतात. भांडं रुंद असलं, तर ते आतच दुसऱ्या अणूंना गाठतात. साक्याची टाकी रुंद होती, सुमारे ४५ सेंटीमीटर व्यासाची. शिवाय तिच्याभोवती थंड पाण्याचं वेष्टन होतं, आणि पाणी निसटू पाहणाऱ्या न्यूट्रॉनला परत आत ढकलतं.

मंजूर पद्धत वेळखाऊ होती. नव्वदच्या दशकात कारखान्यात हळूहळू दहा लिटरच्या स्टीलच्या बादल्या आल्या. भुकटी ठरलेल्या भांड्याऐवजी बादलीत विरघळू लागली. पुढं कंपनीच्या स्वतःच्या कार्यपुस्तिकेतच बादली लिहिली गेली, सरकारला न कळवता. अपघातानंतर बरेच जण म्हणाले की कामगारांनी नियम मोडला. नियम मोडायचा नियम कंपनीनंच छापून ठेवला होता, हे मात्र त्यातले थोडेच जण बोलले.

२९ सप्टेंबर, दुपार

तिघेजण जोयोचं काम करत होते. तीन वर्षांत अशी मागणी आली नव्हती. द्रावण सगळीकडे एकसारखं व्हायला हवं होतं आणि अरुंद नळकांड्याची तोटी फरशीला जवळजवळ टेकलेली असल्यानं तिथून द्रावण काढणं जिकिरीचं होतं. साक्याच्या टाकीला ढवळणी होती, वरून ओतायला भोक होतं. म्हणून त्यांनी यावेळी नळकांडं वगळलं. पहिली बादली टाकीत गेली, तिच्यामागून दुसरी, तिसरी, चौथी.

काहीच झालं नाही. हेच या कामातलं सगळ्यात वाईट. पिवळं द्रावण चौथ्या बादलीला जसं दिसतं तसंच सहाव्यालाही दिसतं. ते तापत नाही, त्याला वास सुटत नाही. क्रांतिक वस्तुमान गाठेपर्यंत न्यूट्रॉन जितके निर्माण होतात त्याहून जास्त निसटतात; गाठल्यावर गणित उलटतं. मधली पायरी माणसाच्या कुठल्याच इंद्रियाला कळत नाही. ती कळवणारं यंत्रही इथं नव्हतं, कारण या कारखान्यात असा अपघात होऊच शकत नाही, असं धरून परवाना दिला गेला होता.

संध्याकाळी काम थांबलं.

२९ सप्टेंबर, रात्र

त्या रात्री तिघांच्या शरीरात जे चाललं होतं ते तुमच्या-आमच्याही शरीरात आत्ता चालू आहे.

डीएनए ही भक्कम, न बदलणारी वस्तू आहे, असा समज फार काळ होता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी सत्तरच्या दशकात तो मोडून काढला. डीएनए पाण्यात राहतो आणि पाणी त्याला स्वस्थ बसू देत नाही. शरीराच्या साध्या ३७ अंश तापमानाला एका पेशीतली अॅडेनिन आणि ग्वानिन ही अक्षरं दिवसाला हजारोंनी कण्यातल्या साखरेपासून सुटून गळून पडतात. सायटोसिनमधला अमाइन गट पाण्याशी अभिक्रिया होऊन निघून जातो आणि त्याचं युरासिल होतं, म्हणजे अक्षरच बदलतं. श्वासाबरोबर आलेला ऑक्सिजन ग्वानिनला चिकटून त्याचं ८-ऑक्सोग्वानिन करतो. ते पुढच्या प्रतीत चुकीच्या जोडीदाराशी जुळतं. हे सगळं किरणांशिवाय, रोज.

आणि रोज दुरुस्तही होतं. युरासिल हुडकणारं एन्झाइम लिंडाल यांनी १९७४ साली शोधलं. ते डीएनएवरून सरकत जातं, चुकीचं अक्षर बाहेर वळवून काढतं आणि तोडतं. मग दुसरं एन्झाइम त्या रिकाम्या जागी साखरेचा कणा कापतं. तिसरं समोरच्या धाग्यावरचं अक्षर वाचून योग्य जोडीदार बसवतं. चौथं, लायगेज, सांधा जोडतं. डीएनए दुरुस्तीच्या या आणि अशा आणखी दोन यंत्रणांसाठी लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या सगळ्या कारागिरीची एक अट आहे. समोरचा धागा शाबूत पाहिजे. काय लिहिलं होतं ते तिथंच वाचायचं असतं. दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर वाचायला काही उरत नाही. रोजच्या व्यवहारात असं क्वचित घडतं, म्हणून आपण जगतो.

३० सप्टेंबर, सकाळी १०

काम परत सुरू झालं. पाचवी बादली, सहावी.

३५ वर्षांचा कामगार टाकीवर वाकून नरसाळं धरून उभा होता. सुमारे चाळिशीचा दुसरा बीकरनं द्रावण ओतत होता. ५४ वर्षांचा तिसरा, कामाचा प्रमुख, शेजारच्या खोलीत काही मीटर अंतरावर टेबलाशी होता. तिघांपैकी कोणालाही क्रांतिक वस्तुमान म्हणजे काय, याचं धड प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. त्यांची नावं जगभर छापली गेली आहेत; इथं त्यांची गरज नाही.

१० वाजून ३५ मिनिटं

सातव्या बादलीतलं द्रावण टाकीत उतरत असताना निळा झोत चमकला. टाकीत आता सुमारे ४० लिटर द्रावण आणि १६ किलोहून जास्त युरेनियम होतं. दंडकाच्या जवळजवळ सातपट. गॅमा किरणांचे भोंगे वाजले.

इथं घड्याळ बदलावं लागतं, कारण भोंगा कानावर पडेपर्यंत बरंच काही होऊन गेलं होतं.

एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत. टाकीतून गॅमा किरण आणि न्यूट्रॉन निघाले ते दोघांच्या छाती-पोटातून आरपार गेले. गॅमा किरण वाटेतल्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, तो इलेक्ट्रॉनांकडे पाहत नाही. तो हायड्रोजनच्या केंद्रकावर आदळतो आणि त्या प्रोटॉनला जागचा हुसकावतो. शरीरात पाणी भरपूर, म्हणजे हायड्रोजन भरपूर. हुसकावलेला प्रोटॉन थोड्याशाच अंतरात आपली सगळी ऊर्जा ओतून थांबतो. गॅमा किरणांचं नुकसान पेशीभर विखुरलेलं असतं. प्रोटॉनचं दाटीवाटीनं, एका रेषेत. हा फरक लक्षात ठेवायचा, पुढं तोच जिवावर येतो.

एक अब्जांश सेकंद. इलेक्ट्रॉन गमावलेलं पाणी मोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, आणि एक एकटा पडलेला इलेक्ट्रॉन. पेशीच्या आत याच्याइतकं भुकेलं दुसरं काही नसतं. जे समोर येईल त्याचा हायड्रोजन तो ओढून घेतो, त्यामुळं फार लांब जात नाही, काही नॅनोमीटरच. म्हणजे डीएनएला घातक ठरतं ते त्याच्या अगदी अंगाला लागून असलेलं पाणी. तिथला मूलक डीएनएच्या कण्यातल्या साखरेला गाठतो आणि बऱ्याचदा तिच्या चौथ्या किंवा पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन काढतो. साखरेचं कडं उघडतं, फॉस्फेटचा बंध सुटतो, धागा तुटतो.

एक सहस्रांश सेकंद. जखमी कार्बनसाठी आता शर्यत लागते. पेशीतला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू आपला हायड्रोजन देऊन ती जागा पूर्ववत करू शकतो. ही सगळ्यात जुनी, सगळ्यात साधी दुरुस्ती, तिला एन्झाइम लागत नाही. पण ऑक्सिजन आधी पोचला तर तो चिकटून बसतो आणि नुकसान कायमचं होतं. रक्तपुरवठा चांगला असलेल्या ऊतीत ऑक्सिजन भरपूर असतो. निरोगी असणं इथं अंगलट येतं.

नरसाळं धरलेल्या माणसाला मिळालेली मात्रा नंतर १६ ते २० ग्रे-समतुल्य ठरवली गेली (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). ओतणाऱ्याला ६ ते १०. शेजारच्या खोलीतल्याला १ ते ४.५. सगळी मात्रा उष्णतेत मोजली तर पहिल्या माणसाच्या शरीरात उतरलेली ऊर्जा दोन चमचे गरम चहा पोटात गेल्यावर मिळते तेवढी. त्यानं त्याचं अंग अंशाच्या शंभराव्या भागानंसुद्धा तापलं नसेल. मारलं ते ऊर्जेनं नाही, ती कुठं उतरली त्यानं. गॅमा किरणांच्या एका ग्रेमागं एका पेशीत एकच धागा तुटल्याच्या हजारेक जागा तयार होतात. त्या दुरुस्त होतात. दोन्ही धागे तुटल्याच्या जागा होतात तीस-चाळीस. त्याला वीसनं गुणायचं, वर न्यूट्रॉनांचा दाटीवाटीचा मारा धरायचा. प्रत्येक पेशीत कित्येक शेकडा. दोन मीटर लांब डीएनएचे तेवढे तुकडे, पेशीगणिक.

१० वाजून ३६ मिनिटं ते ११

दोघं खोलीबाहेर पडले. नरसाळं धरणाऱ्याला काही मिनिटांतच उलट्या सुरू झाल्या आणि शुद्ध हरपली.

पेशींच्या आत एव्हाना कामाला सुरुवात झाली होती. तुटलेल्या प्रत्येक टोकावर कू नावाची प्रथिनांची जोडी काही सेकंदांत येऊन बसते. तिच्या मधोमध भोक असतं, डीएनएचं टोक त्यात शिरतं. एटीएम हे एन्झाइम जागं होतं आणि आसपासच्या लाखो अक्षरांच्या पट्ट्यातल्या हिस्टोन प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा करत सुटतं, म्हणजे 'इथं तुटलंय' हे पेशीला कळतं. पी-५३ हे प्रथिन विभाजन रोखून धरतं.

१० वाजून ४३ मिनिटांच्या सुमारास कारखान्यातून रुग्णवाहिकेसाठी फोन गेला. अणुअपघात झालाय, असं त्यात सांगितलं नाही. रुग्णवाहिकेचे तीन जवान साध्या कपड्यांत आले आणि त्यांनाही किरणांचा मार बसला. पेशी एकमेकींपासून काही लपवत नव्हत्या. लपवणं कारखान्याच्या फोनवर चाललं होतं.

दोन्ही धागे तुटले की पेशीपुढं दोन वाटा असतात. डीएनएची प्रत काढून झाली असेल तर ती शेजारी तयार असलेली जुळी प्रत वाचून नेमकी दुरुस्ती करते. यात आरएडी-५१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिनं लागतात. प्रत नसेल, आणि शरीरातल्या बहुतेक पेशींत एखाद्या क्षणी ती नसतेच, तर सरळ टोकाला टोक जोडायचं. तेही वाटतं तितकं सोपं नाही. किरणांनी तोडलेली टोकं स्वच्छ नसतात. लायगेजला एका बाजूला हायड्रॉक्सिल आणि दुसऱ्या बाजूला फॉस्फेट हवं असतं. इथं साखरेचा मोडका अवशेष, फॉस्फोग्लायकोलेट, टोकाला लोंबत असतो. तो आधी छाटावा लागतो आणि छाटताना दोन-चार अक्षरं जातात. प्रोटॉनच्या वाटेवर तर काही अक्षरांच्या अंतरात दोन-तीन धागे तुटलेले, जवळची अक्षरं जळालेली, कुठं अक्षर गायब. एक दुरुस्त करायला एन्झाइमनं धागा कापला की शेजारची एकेरी तूटही दुहेरी होते. दुरुस्तीच नुकसान वाढवते.

आणि मोठी अडचण वेगळीच. टोकं जोडणारी यंत्रणा कुठलं टोक कुणाचं ते तपासत नाही. तुटलेल्या जागा चाळीस असतील तर सोबतची दोन टोकं बहुधा एकमेकांजवळच पडलेली असतात, जोडणी बरोबर होते. शेकड्यांनी एकदम तुटली की जे जवळ येईल त्याला जे सापडेल ते जोडलं जातं. दुसऱ्या गुणसूत्राचं टोक पाचव्याला, पाचव्याचं स्वतःच्याच दुसऱ्या टोकाला.

दुपारी १२ ते ४

साडेबाराच्या सुमारास गावात घोषणा झाली की घराबाहेर पडू नका. साडेतीनशे मीटरच्या आतल्या १६१ जणांना हलवण्याचा निर्णय तीनच्या सुमारास झाला. देशपातळीवर काही ठरायच्या आत गावच्या प्रशासनानं तो घेतला, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

तिघांना आधी मितो शहरातल्या इस्पितळात, तिथून हेलिकॉप्टरनं चिबाच्या किरणोत्सर्ग वैद्यक संस्थेत नेलं. तिथं उलटीच्या नमुन्यात सोडियम-२४ सापडलं. रक्तातलं मीठ साधं सोडियम-२३चं असतं. न्यूट्रॉन गिळला तरच ते २४ होतं, आणि १५ तासांत निम्मं विरतं. म्हणजे किरण नुसते बाहेरून पडले नव्हते, माणसाचं रक्तच किरणोत्सर्गी झालं होतं. कारखान्यात नेमकं काय घडलं याची साक्ष रुग्णाच्या उलटीनं दिली.

रात्री १०:३० ते १ ऑक्टोबर, सकाळ

दहा किलोमीटरच्या परिसरातल्या सुमारे ३ लाख १० हजार लोकांना दारं-खिडक्या बंद करून बसायला सांगितलं गेलं. टाकी अजून चालूच होती. द्रावण तापून त्यात बुडबुडे आले की अभिक्रिया मंदावायची, निवलं की परत उसळायची.

पहाटे कंपनीचे १८ कर्मचारी पाळीपाळीनं, एका वेळी काही मिनिटं, टाकीजवळ गेले आणि वेष्टनातलं पाणी काढण्यासाठी नळ फोडला. न्यूट्रॉन आत ढकलणारं पाणी गेलं आणि सकाळी सहाच्या सुमारास अभिक्रिया थांबली. नंतर बोरिक आम्ल ओतलं. वीस तासांत जितके अणू फुटले त्यांचं एकत्र वजन केलं तर ते एक मिलिग्रॅमच्या आसपास भरतं.

भिंतीवरच्या घड्याळापुरता अपघात इथं संपला.

पहिला आठवडा

नरसाळं धरलेल्या रुग्णाला २ ऑक्टोबरला टोकियो विद्यापीठाच्या इस्पितळात हलवलं. काझुहिको माएकावा यांच्या हाताखालच्या पथकाला समोर जो माणूस दिसला तो बोलत होता. चेहरा लाल, थोडा सुजलेला. एवढ्यावरून कोणी सांगितलं नसतं.

रक्त मात्र सांगत होतं. लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, पहिल्या दोन दिवसांतच जवळजवळ नाहीशा झाल्या. या पेशींचा स्वभाव न्यारा आहे. बाकी बहुतेक पेशी मोडका डीएनए घेऊन विभाजनाची वेळ येईपर्यंत तग धरतात. लिम्फोसाइट वाट पाहत नाहीत, पी-५३चा इशारा मिळताच स्वतःला संपवतात. म्हणून किरणबाधेच्या रुग्णाचं रक्त दर काही तासांनी तपासतात.

मग गुणसूत्रांची काचपट्टी आली. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र घेऊन त्या १ ते २२ आणि शेवटी एक्स-वाय अशा क्रमानं लावायच्या, हे प्रयोगशाळेतलं रोजचं काम. अस्थिमज्जेतून घेतलेल्या या चित्रात क्रम लावायला गुणसूत्रंच नव्हती. तुकडे होते, एकमेकांना भलतीकडे चिकटलेले. कोणता तुकडा कितव्या क्रमांकाचा हेही ओळखता येत नव्हतं.

मात्रा किती हे मोजायलाही वेगळी युक्ती करावी लागली. एरवी रक्तातल्या पेशी वाढवून, विभाजनाच्या मध्यावर थांबवून, दोन मध्यबिंदू (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागा) असलेली विचित्र गुणसूत्रं मोजतात. इतक्या मात्रेनंतर पेशी विभाजनापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून तिघांच्याही पेशींतली गुणसूत्रं रसायन वापरून वेळेआधीच आवळून घेतली आणि कडी मोजली: ज्यांची दोन्ही टोकं तुटून एकमेकांना जुळली, अशी गोल गुणसूत्रं. एन्झाइमांनी प्रामाणिकपणे केलेली चुकीची जोडणी. त्या चुका मोजून मात्रा ठरली.

६ आणि ७ ऑक्टोबर

अस्थिमज्जेत नवं रक्त बनणार नाही हे उघड होतं. रुग्णाच्या बहिणीच्या रक्तातल्या मूळ पेशी दोन दिवस चढवल्या. दहा-बारा दिवसांनी मज्जेत दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या पेशी दिसू लागल्या. पुरुषाच्या मज्जेत बाईच्या पेशी. याचा अर्थ बहिणीच्या पेशी रुजल्या होत्या. पांढऱ्या पेशी वाढल्या. सगळ्या उपचारात डॉक्टरांना मिळालेला हा एकच खरा दिलासा.

तो टिकला नाही. पुढच्या तपासणीत रुजलेल्या पेशींपैकी काहींची गुणसूत्रंही तुटलेली निघाली. या पेशी अपघाताच्या वेळी तिथं नव्हत्या. रक्तातलं सोडियम-२४ आठवड्यात जवळजवळ संपून गेलं होतं, त्यामुळं त्याच्यावर खापर फोडणं कठीण. किरणबाधित पेशींतून बाहेर पडणारी रसायनं शेजारच्या निरोगी पेशींचा डीएनए मोडू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. इथं तसंच घडलं असावं, असं मानणारे आहेत. रसायनशास्त्रातल्या एका वादाचा पुरावा एका माणसाच्या मज्जेत मिळाला असेलही, पण त्यात मला समाधान वाटत नाही.

ऑक्टोबर, नोव्हेंबर

आता दुसरं घड्याळ चालू लागतं, आणि ते प्रत्येक अवयवाचं वेगळं असतं.

मोडक्या गुणसूत्रांची पेशी जगू शकते. ती प्रथिनं बनवते, श्वास घेते. अडतं ते विभाजनाला. दोन मध्यबिंदू असलेलं गुणसूत्र दोन्हीकडून ओढलं जातं आणि मध्येच ताणून तुटतं. मध्यबिंदूच नसलेला तुकडा कुठंच ओढला जात नाही, मागं राहतो. विभाजन फसतं, पेशी मरते. म्हणजे पेशीला मृत्यू ३० सप्टेंबरलाच लागलेला असतो, पण येतो तिच्या पाळीनं. १९०६ साली फ्रान्समध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी पाहिलं होतं की भराभर विभागणाऱ्या पेशींना किरण लवकर मारतात. तेव्हा डीएनए ठाऊक नव्हता. निरीक्षण तरीही बरोबर ठरलं.

प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात. जुन्या संपल्या, नव्या आल्या नाहीत, रक्त थांबेना. कातडी महिन्याभरात नवी होते. खालचा थर नवी पेशी देत नव्हता आणि वरचा थर नेहमीच्या नेमानं गळत होता. डॉक्टरांनी चिकटपट्टी काढली की त्यासोबत कातडी निघून यायची, आणि तिथं पुन्हा भरायची नाही. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं. त्याचा शेवट रोज लिटरनं वाहणाऱ्या अतिसारात आणि पुढं रक्तस्रावात झाला. बाहेरून रक्त, द्रव, औषधं, कातडीचे तुकडे असं जे-जे घालता येईल ते घातलं गेलं. डॉक्टरांवर पुढं टीका झाली, हा माणूस इतका वेळ का जगवला म्हणून. पण पहिल्या दिवशी बोलणाऱ्या रुग्णाला उपचार नाकारायचे कुठल्या तारखेला, हे टीकाकारांपैकी कुणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

५९व्या दिवशी हृदय थांबलं. ते पुन्हा सुरू करण्यात आलं. पण शुद्ध आणि मूत्रपिंडं परत आली नाहीत.

२१ डिसेंबर, रात्री ११:२१

मृत्यू झाला. शवविच्छेदनात आतडं, मज्जा, कातडी सगळीकडची हानी दिसली. हृदयाचे स्नायू मात्र त्या मानानं शाबूत होते. प्रौढ माणसाच्या हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभागतच नाहीत. त्यांच्या डीएनएवर मार तेवढाच पडला होता, पण त्यांची पाळी कधी आली नाही.

नंतर

बीकर धरणाऱ्याला नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी दिल्या होत्या. मात्रा सुमारे निम्मी, त्यामुळं कातडी काही ठिकाणी भरूनही आली. २७ एप्रिल २००० रोजी, सात महिन्यांनी, तो अवयव निकामी होऊन गेला.

शेजारच्या खोलीतला प्रमुख २० डिसेंबरला घरी गेला होता, पहिल्या मृत्यूच्या आदल्या दिवशी. त्याच्या पेशींत तीच एन्झाइमं, तीच कू आणि तोच लायगेज; फक्त तुटलेल्या टोकांची संख्या त्यांच्या आवाक्यातली होती. मज्जेत पुरेशा मूळ पेशी नीट जोडल्या जाऊन वाचल्या आणि त्यांनी रक्त पुन्हा भरून काढलं.

जेसीओचा परवाना २००० साली रद्द झाला. मार्च २००३ मध्ये मितोच्या जिल्हा न्यायालयानं कंपनीला दहा लाख येनचा दंड केला आणि सहा जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. त्यांच्या शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्या. सहांपैकी एक होता तो वाचलेला प्रमुख.